पेरोव्हस्काइट सौरघटांत पीएचडी करावी का? घरच्यांना पटवायचंय, त्याआधी मला स्वतःला पटायला हवं

वारणाकाठची

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. यंदा सीएसआयआर-नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, लागली. प्रोजेक्ट टिन ऑक्साइडच्या फिल्मवर केला, स्प्रे पायरोलिसिसने. काचेवर फवारा मारत उभं राहण्यात चार महिने कसे गेले कळलं नाही. एका मोठ्या संस्थेत पीएचडीची मुलाखत झाली आणि निवडही झाली. विषय आहे सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या नव्या अर्धवाहकाचा थर चढवून केलेले टँडम, म्हणजे दुहेरी, सौरघट. त्याच आठवड्यात गुजरातमधल्या एका पॅनेल कारखान्यातून प्रोसेस इंजिनिअर ट्रेनीचं पत्र आलं, महिना अठ्ठावीस हजार.

वडिलांची ऊसशेती आहे. ते म्हणतात, तुला जे पटेल ते कर. पण चुलत्यांनी एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणाले, "सोलर आता गल्लोगल्ली बसलंय. स्वस्तही झालंय. त्यात आणखी शोधायचं काय राहिलंय, की त्याच्यासाठी तू पाच वर्षं घालवणार?"

या क्षेत्रात काम करणारी माणसं इथे आहेत हे माहीत आहे. पाच वर्षांनी पुढे काय असतं, पैशांचं कसं, परदेशी जावंच लागतं का, आणि हा पदार्थ खरंच टिकणार आहे का, जे ठाऊक असेल ते स्पष्ट सांगा. मन राखायला गोड बोलू नका.

एकतारी

जेआरएफबद्दल आधी मनापासून अभिनंदन.

मी चौदा वर्षं सौर पॅनेलच्या उत्पादनात आहे. तुझ्या चुलत्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवं.

सिलिकॉनच्या साध्या घटाची सैद्धांतिक मर्यादा साधारण २९.४ टक्के, म्हणजे अंगावर पडलेल्या उन्हाच्या ऊर्जेपैकी फार तर तेवढ्याचीच वीज होऊ शकते. प्रयोगशाळेतले सर्वोत्तम घट आज तिच्या अगदी जवळ पोचलेत, म्हणजे त्या वाटेवर फार काही उरलेलं नाही. दुसरीकडे पॅनेल इतकं स्वस्त झालंय की प्रकल्पाच्या खर्चात जमीन, लोखंडी सांगाडा, वायरिंग आणि मजुरी यांचाच वाटा मोठा. हा खर्च कमी करायचा तर तेवढ्याच जागेतून जास्त वीज काढायला हवी. दुसरा रस्ता नाही.

चुलत्यांना गुऱ्हाळाचं उदाहरण दे. ऊस चरकातून एकदा काढला तरी चिपाडात रस राहतो, म्हणून ते पुन्हा घालतात. सिलिकॉनचंही तसंच आहे. त्याची बँडगॅप, म्हणजे प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. निळ्या प्रकाशात याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते आणि ती जादाची ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. वर १.६८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा पेरोव्हस्काइटचा थर दिला की निळा-हिरवा प्रकाश तो जास्त व्होल्टेजवर वापरतो आणि लाल व अवरक्त प्रकाश खाली सिलिकॉनसाठी सोडतो. चीनच्या लाँगी कंपनीने असा टँडम घट नोव्हेंबर २०२३ मध्ये ३३.९ टक्क्यांवर नेला आणि जून २०२४ मध्ये ३४.६ वर. एकट्या सिलिकॉनला हा आकडा कधीच गाठता येणार नाही.

शोधायचं राहिलंय ते टिकाऊपण. तो माझा रोजचा विषय आहे, सवडीने सविस्तर लिहितो.

साधा_माणूस

मी इंजिनिअर आहे, या विषयातला नाही, पण पेपरातल्या बातम्या वाचत आलोय. दर वर्षी कुणीतरी सांगतं की पेरोव्हस्काइट आता सिलिकॉनची जागा घेणार. असं ऐकत पंधरा वर्षं झाली. माझ्या सोसायटीच्या गच्चीवर अजून सिलिकॉनच आहे. या मुलीने उमेदीची पाच वर्षं यात का घालावीत? खोडा घालायचा म्हणून विचारत नाही. माझी मुलगीही याच वयाची आहे.

मिरजेचे_सर

तुमची काळजी समजते. थोडा इतिहास सांगतो, म्हणजे पंधरा वर्षं खूप की थोडी याचा अंदाज येईल.

पेरोव्हस्काइट हे मुळात एका खनिजाचं नाव. १८३९ साली गुस्ताव रोझे यांना ते उरल पर्वतातल्या नमुन्यांत आढळलं आणि रशियातले खनिजप्रेमी लेव्ह पेरोव्हस्की यांचं नाव त्याला मिळालं. ते कॅल्शियम टिटॅनेट. आज सौरघटात वापरतात तो पदार्थ रसायन म्हणून निराळा, स्फटिकाची घडण मात्र तीच. तीन प्रकारचे आयन ठरावीक जागी बसतात आणि प्रत्येक जागी कुणाला बसवायचं हे बदलता येतं. आयोडीनच्या जागी थोडं ब्रोमीन आलं की बँडगॅप वाढते. रसायनशास्त्राच्या माणसाला याहून आनंदाची गोष्ट नाही.

सौरघटात तो पहिल्यांदा वापरला त्सुतोमु मियासाका यांच्या जपानमधल्या गटाने, २००९ साली. कार्यक्षमता होती ३.८ टक्के, आणि द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये तो पदार्थ लगेच विरघळायचा. २०१२ मध्ये कोरियात नाम-ग्यू पार्क आणि ऑक्सफर्डमध्ये हेन्री स्नेथ यांच्या गटांनी घन अवस्थेतले घट केले आणि आकडा १० टक्क्यांच्या आसपास गेला. आज एकेरी घट २६ टक्क्यांच्या पुढे आहे. सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट बेल लॅब्जने १९५४ मध्ये दाखवला, सुमारे ६ टक्क्यांचा. तिथून २५ टक्क्यांपर्यंत यायला त्याला चार दशकांहून जास्त काळ लागला.

एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. ओल्या रसायनातून, शंभर-दीडशे अंशांवर, इतका चांगला अर्धवाहक तयार होताना पाहायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

रानजाई

वारणाकाठची, मी आत्ता या विषयात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, भारतातच. दिवस कसा जातो ते सांगते, कारण हे कुणी आधी सांगत नाही.

ग्लोव्हबॉक्स म्हणजे नायट्रोजन भरलेली काचेची पेटी. तिच्या जाड काळ्या रबरी हातमोज्यांत खांद्यापर्यंत हात घालून दिवसाचे पाच-सहा तास उभं राहायचं. आत काचेचा तुकडा स्पिन कोटरवर ठेवायचा, त्यावर लेड आयोडाइड आणि बाकीच्या क्षारांचं पिवळं द्रावण सोडायचं. चकती मिनिटाला चार हजार फेऱ्यांनी फिरते. विसाव्या सेकंदाला वरून क्लोरोबेंझीन सोडायचं, एका धारेत, हात न कापता. दोन सेकंद उशीर झाला की फिल्म दुधाळ होते आणि गेली. वेळ बरोबर साधली तर काच पारदर्शकच राहते. मग ती शंभर अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवायची. बघता बघता पिवळसर काच तपकिरी होते, मग आरशासारखी काळी. हे मी हजारदा तरी पाहिलं असेल, अजूनही प्रत्येक वेळी वाकून बघते.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या वर्षी जुलैत माझे घट एकाएकी पडायला लागले. १९ टक्क्यांवरून ११, मग ८. रसायनं बदलली, काचा बदलल्या, द्रावण नव्याने केलं. तीन आठवडे गेले. शेवटी डाव्या हातमोज्याच्या करंगळीला सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं. बाहेर मुंबईचा पावसाळा आणि आत त्या भोकातून ओल. त्या तीन आठवड्यांतलं एकही रीडिंग प्रबंधात आलेलं नाही. पण बिघाड कसा शोधायचा हे मी तेव्हा शिकले, आणि आता लॅबमध्ये कुणाचं काही बिनसलं की मलाच हाक येते.

पैशांचं सांगते. जेआरएफ महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरची फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, त्यावर घरभाडं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. कागदावर चांगलं आहे. पण माझी फेलोशिप एकदा सात महिने आली नाही. कुठे अडकली हे कुणीच धड सांगेना. मेसचं बिल थकलं, भावाकडून उसने घेतले. हे सगळीकडे होतं असं नाही, पण होतं. पहिल्या महिन्यापासून थोडे बाजूला टाक, सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा. वडिलांनाही आधीच सांगून ठेव, म्हणजे ऐन वेळी ते घाबरणार नाहीत.

एकतारी

रानजाईताईंनी भोकाचं लिहिलंय तिथूनच पुढे जातो. पॅनेलला पंचवीस वर्षं पाऊस झेलायचाय.

आमच्याकडे कुठलंही नवं पॅनेल आलं की त्याला आयईसी ६१२१५ या मानकाच्या चाचण्या द्याव्या लागतात. त्यातली एक अशी: ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, सलग १,००० तास, म्हणजे जवळपास बेचाळीस दिवस. दुसरी, उणे ४० ते ८५ अंश असं २०० वेळा गार-गरम करायचं. सिलिकॉन यातून आरामात पार पडतं. पेरोव्हस्काइटला ओल सोसत नाही, उष्णतेने त्यातला सेंद्रिय भाग उडून जातो, आणि त्यातले आयन विजेच्या दाबाखाली जागा सोडून सरकतात. ब्रोमीन-आयोडीनचं मिश्रण प्रकाशात वेगवेगळं व्हायला लागतं, त्याला होक परिणाम म्हणतात. टँडमच्या वरच्या थरात नेमकं हेच मिश्रण लागतं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तर त्या घटावर उलटा दाब येतो, आणि पेरोव्हस्काइटला तो सिलिकॉनपेक्षा पुष्कळ कमी सोसतो.

यातला प्रत्येक मुद्दा एकेका पीएचडीचा विषय आहे. आणि कंपन्यांना माणसं हवी आहेत ती इथेच. ०.१ चौरस सेंटीमीटरच्या घटावर विक्रम केलेले बायोडेटा माझ्याकडे दर महिन्याला येतात. "माझे चाळीस घट दोन हजार तास प्रकाशाखाली चालवले, इतके मेले, या कारणाने मेले" असं लिहिलेला बायोडेटा आजवर एकच आला. त्या मुलाला आम्ही त्याच आठवड्यात घेतलं.

साधा_माणूस, तुमच्या गच्चीवर ते अजून का नाही याचं उत्तरही हेच आहे. बँक कर्ज देते ते पंचवीस वर्षांच्या हमीवर. तरी सुरुवात झालीय. स्नेथ यांच्या कामातून २०१० मध्ये निघालेल्या ऑक्सफर्ड पीव्हीने सप्टेंबर २०२४ मध्ये टँडम पॅनेलचा पहिला व्यापारी माल अमेरिकेतल्या एका वीज प्रकल्पाला पाठवला, २४.५ टक्क्यांची पॅनेलं.

निळी_शाई

कोल्हापूरचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. मी तिथलाच, आता कोरियात ग्वांग्जूला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा तात्पुरता संशोधक.

आपल्या विद्यापीठात थिन फिल्मची जुनी परंपरा आहे. महागडी यंत्रं नव्हती तेव्हा रासायनिक बाथ, स्प्रे, इलेक्ट्रोडिपॉझिशन असल्या साध्या पद्धतींनी फिल्म काढायला तिथल्या सरांनी पिढ्यान्पिढ्या शिकवलं. ते विद्यार्थी कोरियात आले, त्यांनी आपल्या मागच्यांना आणलं, आणि हा सिलसिला वीसेक वर्षं चालू आहे. इथल्या लॅबमध्ये सोल्युशनमधून फिल्म काढायची म्हटलं की सातारा, सांगली, कोल्हापूरकडचा कुणी ना कुणी निघतोच. गणपतीला आम्ही चाळीस-पन्नास जण जमतो. तू जो चार महिने फवारा मारलास तो वाया गेलेला नाही गं. द्रावण काचेवर कसं पसरतं, कधी सुकतं, कडेला जाड का होतं, हे हाताला कळायला लागतं आणि पेरोव्हस्काइटचं अर्धं काम तेच आहे.

आता न लपवता सांगतो. हा माझा दुसरा पोस्टडॉक. वय चौतीस. पेपर चांगले आहेत. भारतात प्राध्यापकाच्या जागा निघतात त्या मोजक्या, आणि एकेका जागेला माझ्यासारखे ढीगभर अर्ज. लॅबची मीटिंग बरेचदा कोरियनमध्ये होते, पहिली दोन वर्षं नुसत्या स्लाइडवरचे आकडे वाचून समजून घ्यायचो. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी इथे होतो. हे सगळं आधी माहीत असतं तरी मी हाच विषय घेतला असता. फक्त पहिल्या पोस्टडॉकनंतर कंपनीकडे वळलो असतो. प्राध्यापकीचाच हट्ट धरून तीन वर्षं जास्त घालवली, ती चूक माझी.

एक विनंती. नुसतं संगणकावर काम करून पीएचडी मिळत असेल तर दहादा विचार कर. घेंट विद्यापीठात तयार झालेलं स्कॅप्स हे संगणकावर सौरघटाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर चांगलं आहे, मीही वापरतो. पण प्रयोगाशी न ताडता त्यावर ३० टक्क्यांचे घट काढणारे पेपर आपल्याकडे फार निघतात. ती सवय लागली की सुटत नाही, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ती उघडी पडते.

चिपळूणची_लेक

खूप छान धागा. माझा भाऊ बी.एस्सी.ला आहे, त्याला पाठवतेय. मुंबई-पुण्यात हे काम कुठे चालतं ते कुणी सांगेल का?

रानजाई

चिपळूणची_लेक, मुंबईत आयआयटीत मोठं काम आहे. तिथे २०१० पासून राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्र आहे. प्रा. दिनेश काबरा यांच्या गटाने टँडममध्ये ३० टक्क्यांच्या जवळ मजल मारली. तिथूनच आर्ट-पीव्ही इंडिया ही कंपनी निघाली आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने तिला १ कोटी डॉलरची मदत दिली. पुण्यात आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. आयसरमध्ये पेरोव्हस्काइटच्या नॅनोस्फटिकांवर फार सुंदर काम झालंय, पण ते सौरघटांपेक्षा प्रकाश देणाऱ्या पदार्थांच्या अंगाने जातं. बाहेर म्हणशील तर हैदराबादची एआरसीआय ही संशोधन संस्था, बंगळुरू, कानपूर, रुरकी.

भावाला सांग, आधी जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) नीट दे.

एल्बकाठ

जर्मनीतून लिहितोय. परदेशी पीएचडीबद्दल थोडं.

इथे पीएचडी करणारा बहुतेक ठिकाणी नोकरदार असतो. ई-१३ या पगारश्रेणीचा करार, भौतिकशास्त्रात बरेचदा पूर्ण नाही तर ६५ ते ७५ टक्क्यांचा. पण विमा, सुट्टी, पेन्शन सगळं कायद्याने. बर्लिनचं हेल्महोल्ट्झ केंद्र आणि फ्रायबुर्गचं फ्राउनहोफर या टँडममधल्या मोठ्या जागा. हेल्महोल्ट्झने डिसेंबर २०२२ मध्ये ३२.५ टक्के करून दाखवले होते. युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागाही निघतात. त्यांची मुख्य अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. आपल्याकडून येणाऱ्याला ती अट सहज पुरी होते. अर्ज थेट त्या त्या प्रोफेसरांकडे जातो, एजंटाला एक रुपया देऊ नका.

मात्र तिकडे जायलाच हवं असं नाही. जेआरएफ हातात आहे, चांगला गट मिळालाय, तर सहा महिने किंवा वर्षभर इथे येऊन काम करायच्या योजना पीएचडी चालू असतानाही मिळतात. माझ्या लॅबमध्ये असे दोघे आले होते, दोघांचंही काम उत्तम झालं.

साधा_माणूस

सगळ्यांचे आभार, बरंच समजलं. एक शंका राहिली. त्यात शिसं आहे ना? ते या मुलांच्या अंगावर जात नाही का? आणि उद्या पॅनेल फुटलं तर शेतात?

मिरजेचे_सर

शिसं आहे, आणि ही शंका कधीच बाजूला टाकू नये.

हिशेब मांडू. पेरोव्हस्काइटचा थर साधारण अर्धा मायक्रॉन जाड. घनता दर घन सेंटीमीटरला चार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक चौरस मीटरवर दोन ग्रॅम पदार्थ. वजनाने त्याचा तिसरा हिस्सा शिसं. तेव्हा चौरस मीटरमागे पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर. गाडीच्या बॅटरीत कित्येक किलो असतं. पण बॅटरीतलं शिसं पाण्यात सहज विरघळत नाही, आणि लेड आयोडाइड काही प्रमाणात विरघळतं. म्हणून प्रमाण थोडं असलं तरी फुटलेल्या पॅनेलमधून ते बाहेर येऊ न देणं हा संशोधनाचा वेगळा आणि गरजेचा विषय आहे. शिसं धरून ठेवणारे थर वर-खाली द्यायचे, अशा दिशेने काम चालू आहे. शिशाऐवजी कथील वापरून पाहतात, पण कथील हवेत लवकर ऑक्सिडाइज होतं आणि घट कमजोर पडतो.

लॅबमधल्या मुलांसाठी शिशाइतकंच लक्ष डीएमएफ या द्रावकाकडे द्यायला हवं. ते कातडीतून आत जातं, यकृताला बाधतं, आणि गर्भालाही त्याचा धोका आहे. लॅबमधल्या मुलींना हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. संकोचापोटी सांगितलं जात नाही, आणि तो संकोच चुकीचा आहे.

वारणाकाठची

एवढं सगळं लिहिलंत, काय बोलू. चुलत्यांना चरकाचं उदाहरण दिलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग दुसऱ्या चरकाला किती रस निघतो ते बघून ये."

गाईडनी पुढच्या आठवड्यात लॅब बघायला बोलावलंय. तिथे काय काय विचारू?

रानजाई

मागच्या पाच विद्यार्थ्यांचं काय झालं हे विचार. कोण कुठे आहे, किती वर्षं लागली, कुणी मध्येच सोडलं का. हा प्रश्न गाईडला विचार, आणि गाईड खोलीत नसताना सिनियरांनाही विचार. दोन्ही उत्तरं जुळली तर निर्धास्त राहा.

ग्लोव्हबॉक्सची देखभाल कोण करतं ते बघ. भिंतीवर नोंदवही असेल, तिच्यात शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे ते बघ. सोलर सिम्युलेटरसाठी, म्हणजे घट मोजायच्या कृत्रिम उन्हाच्या दिव्यासाठी, किती दिवस रांग असते? घट आठवडेच्या आठवडे प्रकाशाखाली चालवून बघायची सोय लॅबची स्वतःची आहे का? एकतारी म्हणतात ते काम करायचं तर ही सोय लागतेच. आणि रविवारी सुट्टी असते का, हे बिनदिक्कत विचार.

एकतारी

याला जोडून एक. विषयाचं नाव आज पेरोव्हस्काइट आहे, सात वर्षांनी काय असेल ते कुणी सांगावं. पण व्हॅक्युम, स्पटरिंग, अणुथर निक्षेपण, लेझरने घट कापणं, इम्पिडन्स, फोटोल्युमिनेसन्स ही थर चढवायची आणि मोजमापाची कामं हाताला बसली तर डिस्प्ले, एक्स-रे डिटेक्टर, सेन्सर, चिपचे कारखाने, कुठेही जाता येतं. तिथे यातली कुठली यंत्रं आहेत, आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः चालवू देतात का, हे बघून ये. काही ठिकाणी ऑपरेटर यंत्राला हात लावू देत नाही, विद्यार्थी नमुना देऊन निकाल घेऊन येतो. तसं असेल तर मला कळव, मी तुला ते ठिकाण नको म्हणेन.

उद्योगाचंही बघ. रिलायन्सने २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केलक्स या पेरोव्हस्काइट कंपनीत १.२ कोटी डॉलर घालून २० टक्के हिस्सा घेतला. तमिळनाडूत कारखाना असलेल्या फर्स्ट सोलरने २०२३ मध्ये स्वीडनची इव्होलार विकत घेतली, तीही याच कामातली. आज भारतात या विषयाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे खरं. तू बाहेर पडशील तेव्हा जास्त असतील असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणूनच घे.

निळी_शाई

गुजरातच्या नोकरीलाही कमी लेखू नकोस. घरी पैशांची तातडी असेल तर दोन वर्षं कारखाना बघून मग पीएचडीला आलेली माणसं मी इथे पाहिली आहेत, आणि नेमका कुठला प्रश्न सोडवण्याजोगा आहे हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळतं. जेआरएफ किती काळ वापरता येते ते तुझ्या पत्रात बघून मग ठरव.

वारणाकाठची

बारा दिवसांनी लिहितेय. लॅब बघून आले. वडील सोबत होते.

तुम्ही सांगितलेले सगळे प्रश्न विचारले. मागच्या पाचांपैकी दोन जण कंपनीत, एक जर्मनीत, एक जण कॉलेजात शिकवतोय, आणि एकाने तिसऱ्या वर्षी सोडलं. ते गाईडनी आपणहून सांगितलं आणि त्यात आपलं काय चुकलं तेही सांगितलं. सिनियरांनी तेच सांगितलं. नोंदवहीतली शेवटची नोंद आदल्या दिवशीची होती. स्पटरिंगचं यंत्र तीन महिन्यांच्या शिकवणीनंतर विद्यार्थी स्वतः चालवतात. रविवारी सुट्टी असते, पण निम्मे जण येतात.

एका ताईंनी मला शेजारी उभं करून फिल्म काढून दाखवली. रानजाईताई, काळी होताना मीही वाकून बघितलं.

मग गच्चीवर गेलो. तिथे स्टँडवर सील केलेले छोटे छोटे घट उन्हात ठेवलेत, प्रत्येकाला वायर जोडलेली. वडील पहिल्यापासून काही बोलले नव्हते. एका घटापाशी ते थांबले. त्याच्या कडेला पिवळी रेघ आली होती, मध्ये सगळं काळं होतं. म्हणाले, "हितनं पाणी शिरलंय. कडेनं." तिथला मुलगा म्हणाला, हो काका, कडेचं ब्युटाइल सील तिथे पातळ पडलं होतं, पहिल्या दोन पावसांतच ओल आत गेली, आणि पिवळं दिसतंय ते लेड आयोडाइड. मग वडिलांनी त्याला आमच्या स्लॅबच्या गळतीचं सांगितलं. पंधरा मिनिटं दोघं बोलत होते. सील किती रुंद असतं, किती दिवसांत ओल आत येते, उन्हाळ्यात फुगतं का. मी नुसती ऐकत उभी.

येताना एस.टी.त म्हणाले, "त्या पोराची नोंदवही बघितलीस? रोजच्या तारखा लिहिल्यात." बाकी काही नाही बोलले.

ऑगस्टमध्ये रुजू होतेय. कारखान्याला नकार कळवला, त्यांनी चांगल्या शब्दांत उत्तर दिलं. विषय अजून पक्का नाही, पण मी गाईडना म्हटलं की मला त्या गच्चीवरच्या घटांवर काम करायला आवडेल. आता दोन महिने हातात आहेत. काय शिकून जाऊ?

रानजाई

अगं किती आनंद झाला वाचून! पायथन शिक, आकड्यांच्या फायली वाचून आलेख काढता येण्याइतकं. शेकडो घटांची रीडिंग हाताने एक्सेलमध्ये भरत बसू नकोस, माझं एक वर्ष त्यात गेलं. अर्धवाहकाचं पी-एन जंक्शन पुन्हा पहिल्यापासून वाच. आणि २०२० साली जगभरच्या संशोधकांनी मिळून टिकाऊपणाच्या चाचण्यांची जी आयसॉस पद्धत ठरवली, ती गच्चीवरच्या कामाला पहिल्या दिवसापासून लागेल.

एकतारी

आयआयटी मुंबईच्या केंद्राने २०१३ ते २०१८ च्या दरम्यान देशभर फिरून शेतात-गच्चीवर बसलेल्या पॅनेलांची तपासणी केली, तिचे अहवाल वाच. उष्ण भागातली पॅनेलं जास्त झपाट्याने खराब होतात हे त्यात दिसतं. ते सिलिकॉनचं आहे, पण नजर कुठे ठेवायची ते कळेल. वडिलांना नमस्कार सांग. कडेची ओल त्यांनी ओळखली, आमच्याकडे नव्याने आलेल्या इंजिनिअरांना ती दाखवून द्यावी लागते.

मिरजेचे_सर

बाळ, फार बरं वाटलं. एकच गोष्ट लिहून ठेव. लॅबमध्ये निळे पातळ नायट्राइलचे हातमोजे देतात. डीएमएफ त्यांतून काही मिनिटांत आरपार जातं. ग्लोव्हबॉक्सबाहेर द्रावण करताना दोन जोड्या एकावर एक घालायच्या, आणि वरच्या जोडीवर थेंब पडला की हातातलं काम तिथेच थांबवून ती काढून टाकायची. हातमोजे संपलेत, उद्या येतील, असं कुणी म्हणालं तर काम उद्याच करायचं.